विशेषणांचा घाट

मराठी समीक्षकांनी कादंबरीचे माप काढले, नाटकाचे काढले, दिवाळी अंकांतल्या कवितांचे तर दरवर्षी नेमाने काढतात. पण सहल कंपन्यांच्या माहितीपत्रकांकडे वाङ्मय म्हणून कोणी पाहिलेले नाही. हा अन्याय आहे. वाचक ज्यासाठी हजारो रुपये आगाऊ भरतो आणि ज्यातले प्रसंग पुढे स्वतःच्या गुडघ्यांनी भोगतो, असे दुसरे वाङ्मय मला तरी माहीत नाही.

सध्या मी सायकल-सहलींच्या माहितीपत्रकांचा व्यासंग करतो आहे. वाटाड्या बरोबर, सामान मागच्या गाडीत, रात्री गरम जेवण आणि मधल्या वेळात तुम्ही सायकलवर, असा हा प्रकार. यातली शैली विशेषणप्रधान आहे. सहली तीन जातींच्या: सोपी, मध्यम आणि आव्हानात्मक. 'अवघड' हा शब्द शोधूनही सापडत नाही. अवघड म्हटले की गिऱ्हाईक पळते. आव्हानात्मक म्हटले की तेच गिऱ्हाईक छाती पुढे काढते.

माझा मुख्य आक्षेप व्याकरणाचा आहे. 'सोपी' हे विशेषण चतुर्थीवाचून अर्धे असते. कोणाला सोपी? हे कळावे म्हणून मी एका कंपनीत फोन केला.

"काका, एकदम सोपी ट्रिप आहे. सगळ्यांना जमते."

"अरे, पण चढ किती?"

"चढ कुठला काका? कोकणातला समुद्राकाठचा रस्ता आहे!"

समुद्र सपाट असतो हे खरे. त्याच्या काठच्या रस्त्याने तसा शब्द कोणालाही दिलेला नाही. कोकणात रस्ता खाडीशी उतरतो. मग तुम्ही सायकलसकट बोटीत चढता, आगरदांडा ते दिघी, वेसवी ते बागमांडला किंवा दाभोळ ते धोपावे. पलीकडे उतरलात की रस्ता लगेच सड्यावर चढू लागतो. शंभर-दीडशे मीटर चढायचे, सड्यावरचे ऊन खायचे आणि मिळवलेली सगळी उंची पुढच्या खाडीत बुडवायची. माहितीपत्रकात 'कमाल उंची' जेमतेम दीडशे मीटर लिहिलेली असते, आणि ती खोटी नसते. महिनाअखेरची शिल्लक पाहून महिन्याभरातला खर्च कळत नाही, तसेच हे.

आमच्या शेजारचे एक गृहस्थ बँकेतून निवृत्त झालेले. रोज सकाळी सपाटीवर तीस किलोमीटर सायकल मारणारे. अशाच एका 'सोप्या' सहलीला गेले. पहिला दिवस निभावला, दुसऱ्या दिवशी दुपारी ते आणि सायकल दोघेही मागच्या गाडीत. परतले ते गप्प होऊन. आता त्यांची सायकल बाल्कनीत उभी असते आणि तिच्यावर टॉवेल वाळतात. "वय झालं हो," म्हणतात. वय काही त्या दोन दिवसांत झालेले नव्हते. छापील कागद म्हणाला सोपे, आणि ते यांना जमले नाही. तेव्हा दोष आपलाच, असा सरळ हिशेब त्यांनी मांडला. चुकीच्या विशेषणाने एक धडधाकट माणूस म्हातारा केला, ही माझी खरी तक्रार आहे.

यावर उपाय म्हणून मी एक एकक सुचवतो: सिंहगड. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आणि सिंहगड १,३०० च्या थोडा वर. म्हणजे पुण्याहून सायकलने गड गाठला की साडेसातशे मीटर चढ झाला. कोकणातले दीडशे मीटरचे पाच सडे म्हणजे एक सिंहगड. "रोज दीड हजार मीटर चढ" याचा अर्थ रोज दोन सिंहगड, आणि तेही सलग सहा दिवस. हे एवढे सांगितले तर विशेषणाची गरजच काय? फ्रान्समधल्या त्या प्रसिद्ध शर्यतीतही घाटांना श्रेणी असते, पण शेजारी आकडे असतात: आल्प द्युएझ, १३.८ किलोमीटर, सरासरी ८.१ टक्के चढ, वळणे २१. म्हणजे जवळजवळ दीड सिंहगड. ज्याने त्याने आपले पाय पाहून ठरवावे.

मनाली ते लेह या मार्गावर मात्र पायही कामाचे नाहीत. तांगलांग लाच्या ५,३०० मीटरवर हवेचा दाब समुद्रकाठच्या जवळजवळ निम्मा असतो. उंचीचा त्रास पहिलवानालाही होतो. कसलेले शरीर त्यापासून वाचवत नाही. तीन हजार मीटरच्या वर रोजच्या मुक्कामाची उंची पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी विसावा घ्यावा, असे डॉक्टर सांगतात. तेव्हा तिथे माहितीपत्रकातली फुले, दऱ्या सोडा आणि रात्री झोपायचे किती मीटरवर, ते वाचा. एकूण उंचीच्या बाबतीत आपला हात सैलच. खार्दुंग लाच्या पाटीवर वर्षानुवर्षे १८,३८० फूट लिहिलेले होते. मोजणीत ती खिंड १७,५८२ फुटांची भरली. माहितीपत्रकवाले कमी करतात, पाटीवाले वाढवतात.

डोंगरातल्या पायवाटांवरची सायकल हा आणखी वेगळा विषय. विलायतेत अशा वाटांना हिरवा, निळा, लाल, काळा असे रंग देतात. ते मुख्यतः दगडधोंडे, अरुंद वळणे आणि उतार यांबद्दल बोलतात. दम आणि हात हे दोन स्वतंत्र पेपर आहेत. एकात पहिला वर्ग मिळवून दुसऱ्यात नापास होता येते.

तेव्हा वाचकहो, पैसे भरण्यापूर्वी विचारा: रोजचे किलोमीटर किती, रोजचा चढ किती मीटर, रस्ता डांबरी की खडीचा, विसाव्याचा दिवस कितवा, आणि सगळ्यांत शेवटी असणाऱ्याच्या मागे वाटाड्या असतो की नाही? मग घराजवळ सलग दोन दिवस तेवढेच अंतर आणि तेवढाच चढ मारून पाहा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जिना कसा चढता, त्यावर निकाल.

न्याय म्हणून सांगतो, एक माहितीपत्रक मला चांगले आढळले. त्यात दिवसवार तक्ता होता, चढ मीटरमध्ये होता आणि थकल्यास गाडीत बसण्यात कमीपणा नाही, हेही लिहिले होते. विशेषण एकही नव्हते. सहल भरलेली होती.

बाकीच्यांनी पुढच्या आवृत्तीत विशेषणे गाळून आकडे घालावेत. छपाई सुबक आहे. मुखपृष्ठावरचा सायकलस्वार मनमुराद हसतो आहे. त्यावरून तो फोटो उतारावर काढलेला असावा.