पहिले पान कोण लावतो?

वृत्तपत्राच्या कचेरीत ‘पान लावणे’ हे मोठ्या जबाबदारीचे काम समजले जाते. कोणती बातमी वर घ्यावी, कोणती तळाशी टाकावी आणि कोणती मुळीच घेऊ नये, हे तेथे कोणीतरी ठरवीत असते आणि त्या निवडीचे उत्तरदायित्व संपादकाच्या शिरी असते. छापील मजकुरावर मुद्रक-प्रकाशकांची नावे देण्याचा दंडक तर आपल्याकडे 1867 च्या कायद्यापासून चालत आला. ग्रंथाचे परीक्षण करताना आम्ही लेखकाला जाब विचारतो, तोही अशा छापलेल्या नावाच्या आधारेच. आज मात्र आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी घरांत दिवसाचे पहिले पान मोबाइलच्या पडद्यावर उघडते. ते कोणी लावले, हे विचारू गेल्यास नाव सापडत नाही. या निनावी पानाचेच परीक्षण येथे करावयाचे योजिले आहे.

उदाहरण आपल्याच अंगणातले घेऊ. 2025 च्या जून-जुलैच्या संधीवर मीरा रोड येथे मराठी बोलण्याच्या प्रश्नावरून एका दुकानदाराला मारहाण झाली. तिची चित्रफीत देशभर फिरली. मागोमाग व्यापाऱ्यांनी दुकाने बंद ठेवली आणि 8 जुलै रोजी मराठी संघटनांचा मोर्चा निघाला. त्या दिवसांत आम्ही सर्च इंजिनमध्ये शहराचे नाव घालून पाहिले. तीच चपराक, तोच आरडाओरडा आणि त्यावरची तावातावाची भाष्ये एकाखाली एक रचलेली दिसली. परगावच्या नातलगांचे काळजीचे फोन आले, त्यामागेही हेच पान होते.

यातली मारहाण खोटी नव्हती. चित्रफीत नसती तर तिची एवढी दखलही घेतली गेली नसती, हे मान्य करावयास हवे. परंतु 2011 च्या जनगणनेत 8 लाख 9 हजारांवर वस्ती नोंदलेले शहर त्या काही क्षणांत मावते काय? उत्तन, डोंगरी, पाली, चौक येथील आपली ख्रिस्ती कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या घरी आणि प्रार्थनेत मराठीच बोलत आली. ‘मराठी विरुद्ध परके’ असा जो सामना पडद्यावर रंगला, त्यात या माणसांना कोठेच जागा नव्हती. उत्तनच्या धावगी डोंगरावरील घनकचरा प्रकल्पाची दुर्गंधी आणि तेथील आगींचा धूर यांविरुद्ध गावकरी वर्षानुवर्षे तक्रार करीत आहेत. धूर चपराकीसारखा क्षणात डोळ्यांत भरत नाही. म्हणून त्याला पहिले पान मिळत नाही. प्रत्येक तुकडा खरा असूनही मांडणीमुळे चित्र खोटे होऊ शकते, हा या पानाचा मुख्य दोष आम्हांस वाटतो.

हा दोष कोणा एकाच्या दुष्टाव्यातून येतो असे नव्हे. सर्गेई ब्रिन आणि लॅरी पेज यांनी 1998 मध्ये गूगलची रचना मांडली, तिचे एक मुख्य तत्त्व असे होते की, ज्या पानाकडे इतर वजनदार पाने बोट दाखवितात ते पान वर यावे. म्हणजे ज्याचा बोलबाला अधिक, त्याचा मान अधिक. त्याच निबंधात, जाहिरातींवर चालणारे सर्च इंजिन जाहिरातदारांकडे झुकेल, असा इशाराही त्यांनी दिला होता. पुढे त्यांचीच कंपनी जाहिरातींवर वाढली. भारतीय स्पर्धा आयोगाने फेब्रुवारी 2018 मध्ये शोधाच्या निकालांतील पक्षपाताबद्दल तिला 135.86 कोटी रुपयांचा दंड ठोठावला. विमानप्रवासाच्या शोधात स्वतःच्या सेवेला दिलेली ठळक जागा हा त्यातील एक मुद्दा होता. कंपनी त्याविरुद्ध अपिलात गेली. समाजमाध्यमांचा तराजू याहून निराळा आहे. माणूस कोठे थबकतो, कशावर चिडतो आणि काय पुढे पाठवितो, हे तेथे मोजले जाते. राग माणसाला थबकवितो, म्हणून राग वर येतो.

या तराजूची किंमत आपल्या शेजारच्या पालघर जिल्ह्याने मोजली आहे. 16 एप्रिल 2020 च्या रात्री गडचिंचले येथे, चोर आल्याच्या अफवांनी बिथरलेल्या जमावाने दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक यांची हत्या केली. त्यानंतर समाजमाध्यमांवर कोणी मुसलमानांकडे, तर कोणी ख्रिस्ती मिशनऱ्यांकडे बोट दाखविले. अटकेतील 101 जणांत एकही मुसलमान नाही, हे तत्कालीन गृहमंत्र्यांना नावांची यादी जाहीर करून सांगावे लागले. पहिल्या अफवेने तिघांचे प्राण घेतले. दुसरीने शेजाऱ्याला शेजाऱ्याविषयी संशय दिला.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी 2018 च्या जागतिक संपर्कमाध्यम दिनाच्या संदेशात एदेन बागेतील सर्पाला पहिल्या खोट्या बातमीचा कर्ता म्हटले होते. सर्पाची युक्ती ध्यानात घेण्यासारखी आहे. देवाने एकाच झाडाचे फळ वर्ज्य केले होते. सर्पाने सर्व झाडांविषयी विचारले. थोडे सत्य घेऊन त्याचे प्रमाण तेवढे बिघडविले.

दोष केवळ यंत्राचाच आहे काय? मिस्सा संपवून बाहेर पडताच न वाचता पुढे ढकललेले संदेश आपल्याही धर्मग्रामांच्या व्हॉट्सॲप गटांत असतात. शिवाय आपली लग्नगीते, आपल्या होड्या, आपल्या डोंगरावरचा धूर यांविषयी आपण लिहिले तरी किती? जे लिहिलेच नाही, ते कोणतेही यंत्र वर आणणार नाही. वाचकांना आमची विनंती एवढीच की, पहिल्या पानावर न थांबता पुढची पानेही उघडावीत, एखाद्या गावाविषयी भयंकर काही दिसल्यास त्या गावातील ओळखीच्या माणसाला आधी विचारावे, आणि स्वतःला जे ठाऊक आहे ते स्वतःच्या नावानिशी लिहावे. या त्रैमासिकात चूक झाली तर कोणाला पत्र धाडावे, हे वाचकाला अंकावरच छापलेले सापडते. आपण पुढे पाठवितो त्या संदेशाखालीही आपले नाव उमटते, याचे भान असावे.