नेत्रचलन उपचारपद्धती आणि आघाताची भाषा : मराठीच्या अंगाने एक चिकित्सा

प्रस्तावना :

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर व उस्मानाबाद (आजचा धाराशिव) जिल्ह्यांत झालेल्या भूकंपात सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. घरे पुन्हा बांधली गेली, गावे नव्या जागी वसली. वाचलेल्यांच्या मनाची दखल मात्र फार थोड्यांनी घेतली. ‘अमेरिकन जर्नल ऑफ सायकिॲट्री’मध्ये १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या पाहणीत, तपासलेल्या भूकंपग्रस्तांपैकी निम्म्याहून अधिक जणांमध्ये मनोविकाराची लक्षणे आढळली होती. किल्लारीनंतर सुमारे सात वर्षांनी, २६ जानेवारी २००१ रोजी भुजचा भूकंप झाला आणि त्यानंतर भारतात एका वेगळ्या उपचारपद्धतीच्या प्रशिक्षणाला चालना मिळाली. ‘आय मूव्हमेंट डिसेन्सिटायझेशन अँड रिप्रोसेसिंग’ हे तिचे नाव असून ती ‘ईएमडीआर’ या आद्याक्षरांनी ओळखली जाते. मराठीत तिला ‘नेत्रचलन उपचारपद्धती’ म्हणता येईल. या पद्धतीतील भाषेच्या स्थानाची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

पद्धतीचे स्वरूप व वाद :

फ्रान्सिन शापिरो (१९४८-२०१९) या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विदुषीने १९८७ मध्ये या पद्धतीचा आरंभ केला व १९८९ मध्ये आपला पहिला अभ्यास प्रसिद्ध केला. आठ टप्प्यांच्या या उपचारात रुग्ण आघाताचे चित्र मनात धरतो आणि त्याच वेळी उपचारकाच्या डावी-उजवीकडे फिरणाऱ्या बोटांमागे नजर फिरवतो. त्रासाची तीव्रता शून्य ते दहा या मापावर विचारली जाते. डोळ्यांऐवजी हातावर आळीपाळीने थोपटणे किंवा दोन्ही कानांना आलटून पालटून ध्वनी ऐकवणे असेही पर्याय आहेत.

डोळे हलविल्याने खरोखर काही होते काय, यावर पाव शतक वाद झाला. २००१ मधील एका एकत्रित विश्लेषणाने नेत्रचलन अनावश्यक ठरविले, तर २०१३ मधील दुसऱ्याने त्याचा स्वतंत्र परिणाम असल्याचे सांगितले. आज अधिक पटणारे स्पष्टीकरण असे की, माणसाच्या कार्यकारी स्मृतीची क्षमता मर्यादित असते. नजर फिरविण्यात तिचा काही भाग गुंतला की भयंकर चित्राची धार कमी होते. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१३ मध्ये आघातोत्तर तणाव विकारासाठी या पद्धतीची शिफारस केली. घडलेल्या प्रसंगाचे तपशीलवार कथन येथे आवश्यक नसते, हे तिचे वैशिष्ट्य तेथे नोंदवलेले आहे. ज्या समाजात स्त्रीने अत्याचार उच्चारणे म्हणजे पुन्हा बदनामी ओढवून घेणे ठरते, तेथे या सवलतीचे मोल मोठे आहे. परंतु डोळ्यांविषयीच्या या वादाच्या गलबल्यात दुसरा प्रश्न जवळजवळ झाकला गेला.

‘मी’चा प्रश्न :

कथन टळले तरी भाषा टळत नाही. उपचाराच्या तिसऱ्या टप्प्यात रुग्णाने त्या प्रसंगावरून स्वतःविषयी झालेली समजूत एका वाक्यात सांगायची असते. हे वाक्य प्रथमपुरुषी, वर्तमानकाळी आणि ‘मी’ला केंद्रस्थानी ठेवणारे असावे, अशी अपेक्षा आहे. जबाबदारी, सुरक्षितता आणि नियंत्रण हे त्याचे प्रमुख विषय. इंग्रजीत तिन्ही प्रकारची वाक्ये ‘आय ॲम’ने सहज सुरू होतात. मराठीत मात्र ‘चूक माझीच’, ‘मला धोका आहे’, ‘माझ्या हातात काही नाही’ अशी रचना होते. तिन्ही वाक्यांत ‘मी’ प्रथमा विभक्तीत नाही. मराठी माणूस ‘मी भितो’ म्हणतो खरा, पण अधिक वेळा ‘मला भीती वाटते’ म्हणतो. त्याला रडू येते, कापरे भरते, मळमळते. भीती ही त्याच्याकडे येणारी गोष्ट असते.

हा केवळ व्याकरणाचा खेळ नव्हे. भाषांतरित नमुन्यावर बोट ठेवून उपचारक ‘मी दुर्बल आहे’ असे वाक्य वदवून घेतो, तेव्हा रुग्णाने जे बाहेरून आलेले म्हणून सोसले, ते तो त्याच्या स्वभावाचा भाग करून ठेवतो. उलट मराठीची घडण उपचाराला अनुकूलही आहे. धावत्या गाडीच्या खिडकीतून दृश्ये पाहावीत तसे मनात येणारे पाहत राहा, अशी सूचना या पद्धतीत दिली जाते. ‘आठवण येते’ असे म्हणणाऱ्यास ती जातेही, हे वेगळे शिकवावे लागत नाही. भाषांतरकाराने ही सोय ओळखली पाहिजे.

याहून अवघड वाक्य म्हणजे ‘आमचे भोग’. त्यात ‘मी’ नाही, आहे ते ‘आम्ही’. ही नकारात्मक समजूत मानून पुसायची की सोसण्याचे बळ देणारा आधार मानून तशीच ठेवायची? पाठ्यपुस्तकी उत्तर येथे पुरत नाही. एकाच विटीखाली गाव गाडले गेले असताना त्या दुःखाचा कर्ता एकवचनी करण्याचा आग्रह निदान घाईचा आहे. मेक्सिकोत १९९७ च्या चक्रीवादळानंतर मुलांसाठी जी समूह-पद्धती घडली, तीत चित्रे काढवून घेतली जातात. तिचा विचार आपल्याकडे अधिक व्हावयास हवा.

सीमाभागातील वास्तव :

शहादा-लोणखेडा परिसरात हा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो. येथे अहिराणी, गुजरी, भिली, पावरी बोलली जाते, आणि शाळा-दवाखान्याची मराठी अनेकांना दुसरी भाषा आहे. सरदार सरोवराच्या पाण्यामुळे अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील तेहतीस गावे बाधित झाली. त्यांतील अनेक कुटुंबे शहादा व तळोदा तालुक्यांत वसविली गेली. या पद्धतीचे गृहीत असे की आघात भूतकाळात घडला आणि स्मृती मात्र वर्तमानात अडकली. ज्याची जमीन-पाण्याची मागणी अद्याप कचेरीत पडून आहे, त्याच्या बाबतीत हे गृहीत टिकत नाही. त्याची भीती जुन्या चित्रावर बेतलेली नसून उद्याच्या पेरणीवर बेतलेली असते. तेथे शून्य ते दहाचे माप उतरले नाही, तर तो उपचाराचा पराभव समजू नये. उपचाराबाहेरचे कारण तेथे शिल्लक आहे, एवढेच त्यातून कळते.

पावरी बोलणाऱ्या वृद्धेची मुलाखत दुभाष्याविना होणे कठीण. व्यवहारात हा दुभाषा बहुधा मुलगा, सून किंवा शेजारी असतो. तिने आपल्या बोलीत जे ‘आम्ही’ म्हटले, त्याचे तो मराठीत ‘ती म्हणते’ करतो, आणि उपचारक त्याचे ‘मी’ करून कागदावर उतरवतो. शिवाय अशा कुटुंबातील दुभाष्याचेही घर अनेकदा त्याच पाण्याखाली गेलेले असते, आणि त्याच्या त्रासाचे माप कोणी विचारत नाही.