‘राष्ट्रीय कार्यक्रमा’तले राष्ट्र कोणाचे?

मागच्या व्याख्यानात आपण आकाशवाणीपर्यंत आलो होतो. आज दूरदर्शन. प्रश्न एकच ठेवू: सगळ्यांनी एकाच वेळी एकच गोष्ट पाहिली, म्हणजे त्यांचे राष्ट्र झाले का?

आधी घटनाक्रम. १५ सप्टेंबर १९५९ ला दिल्लीत प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झाले. मुंबई केंद्र आले २ ऑक्टोबर १९७२ ला. ‘आमची माती आमची माणसं’, ‘गजरा’ या कार्यक्रमांतून त्या केंद्राने स्वतःची अशी बोली घडवली. मग १९८२ उजाडले. आशियाई क्रीडास्पर्धा, रंगीत चित्र, उपग्रह, आणि १५ ऑगस्टपासून दिल्लीहून ‘राष्ट्रीय कार्यक्रम’. रात्रीची मोक्याची वेळ दिल्लीकडे गेली, मराठी संध्याकाळी सरकली.

आता नावाकडे बघा. बहुतेक कार्यक्रम हिंदी आणि इंग्रजी, पण नाव ‘राष्ट्रीय’. साहजिकच मराठी, तमिळ, बांगला या ‘प्रादेशिक’ ठरल्या. एका भागालाच पूर्णाचे नाव दिले, की उरलेले भाग आपोआप दुय्यम होतात. साधा तर्कदोष आहे, पण तो वेळापत्रकात बसला, की रोजचा होतो.

‘हम लोग’ने १९८४ मध्ये आणि ‘रामायण’ने १९८७-८८ मध्ये देशाला एकत्र बसवले, हे आपण नाकारत नाही. मात्र एकत्र बसणे वेगळे आणि एकमेकांशी बोलणे वेगळे. दिल्लीहून चित्र सगळीकडे जात होते. गावाकडून दिल्लीला काय जात होते?

कुणी म्हणेल, तंत्रच तसे होते. तसे नव्हते हो! १९७५-७६ मध्ये ‘साइट’ प्रयोगात अमेरिकेच्या उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांत कार्यक्रम पोचले. त्याच काळात गुजरातमधल्या खेडा जिल्ह्यात, पीज गावच्या छोट्या प्रक्षेपकावरून स्थानिक बोलीत कार्यक्रम होत. मजुरी, जातिभेद हे विषय गावकऱ्यांना सोबत घेऊन मांडले जात. म्हणजे दुसरी वाट माहीत होती, चालूनही पाहिली होती. केंद्रीकरण ही निवड होती, आणि पुढे पी. सी. जोशी समितीनेही या दिल्लीकेंद्री कारभारावर बोट ठेवले.

सुटका बाजाराने केली का? १९९९ मध्ये ‘अल्फा मराठी’ आली आणि रात्रीची वेळ मराठीला परत मिळाली. पण आता प्रेक्षक म्हणजे जाहिरातदाराला विकायची संख्या. आधी आपल्याला प्रजा धरले होते, आता गिऱ्हाईक. नागरिक दोन्हीकडे गैरहजर!

वास्तविक १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या ज्या खंडपीठावर न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते, त्याने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे स्पष्ट केले. प्रसार भारतीचा कायदा १९९० चा. अमलात आला १९९७ मध्ये. स्वायत्तता कागदावर मिळाली, पैशासाठी मात्र सरकारकडेच बघावे लागते. ज्याच्या हातात तिजोरी, त्याच्यापुढे प्रश्न विचारताना जीभ जड होतेच.

तेव्हा सार्वजनिक प्रसारणाची कसोटी लोकप्रियतेची नाही, आणि ‘राष्ट्रीय’ या पाटीचीही नाही. जाहिरातदाराला ज्या गावात रस नाही आणि मंत्र्याचे ज्याच्यावाचून अडत नाही, त्या गावचे दुखणे तिथल्याच माणसाच्या तोंडून, त्याच्याच भाषेत, रात्रीच्या मोक्याच्या वेळी पडद्यावर येते का? येत असेल, तर ते राष्ट्रीय कार्यक्रम.

इथे थांबू. आता तुमचे प्रश्न घेऊ.