सुगंधी तेले आणि अन्नरक्षण : एका निष्कर्षाची परीक्षा

ओवा, लवंग, हळद यांच्या सुगंधी तेलांत अन्न नासविणाऱ्या जंतूंना आवर घालण्याची शक्ती आहे, हे विधान आता नवे राहिलेले नाही. ते खोटेही नाही. ओव्याच्या तेलातील थायमॉल व लवंगेच्या तेलातील युजेनॉल ही फिनॉल-वर्गीय द्रव्ये जंतुपेशीच्या पटलात शिरून त्याची बांधणी ढिली करतात. पेशीतील पोटॅशियमादी द्रव्ये बाहेर झिरपतात आणि जंतूची वाढ खुंटते किंवा तो मरतो. वादाचा प्रश्न आहे तो यापुढचा. ही तेले रासायनिक परिरक्षकांची जागा घेतील, हा जो निष्कर्ष प्रबंधांच्या अखेरीस सर्रास आढळतो, तो हाती असलेल्या पुराव्यावर उभा राहतो काय?

पुरावा बहुधा एकाच जातीचा असतो. आगराच्या थाळीवर जंतू पसरावयाचे, तेलात भिजविलेली कागदी चकती ठेवावयाची आणि भोवतीचे वलय मिलिमीटरांत मोजावयाचे. रीत स्वस्त व सुलभ आहे. तिचे प्रस्थ त्यामुळेच. परंतु आगर हे पाण्याने भरलेले माध्यम, त्यात तेल धड पसरत नाही, आणि त्याचा काही अंश उडूनही जातो. वलय लहान आले तर तेल दुर्बळ आहे की केवळ जागचे हलले नाही, हे कळावयास मार्ग नाही. अशा वलयाची प्रतिजैविकाच्या वलयाशी तुलना करणे म्हणजे शेराने लांबी मोजणे होय. किमान निरोधक प्रमाण काढावे, आणि पायसीकारक कोणता व किती वापरला हेही नोंदवावे, हेच युक्त.

हळदीच्या बाबतीत गोंधळ आणखी मुळाशी आहे. कर्क्युमिन बाष्पाबरोबर वर येत नाही. कंदाच्या ऊर्ध्वपातित तेलात टर्मेरोन-वर्गीय द्रव्ये असतात. तरीही तेलाचे यश कर्क्युमिनच्या खाती जमा केलेले आढळते! परभणीशेजारच्या वसमतच्या हळदीस २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्या पिकाच्या पानांतूनही तेल निघते, पण त्याची घडण कंदाच्या तेलाहून वेगळी असते. तेव्हा घटकांचे पृथक्करण न देता नुसते ‘हळदीचे तेल’ म्हणण्यास शास्त्रीय अर्थ उरत नाही.

खरी कसोटी थाळीत नसून पदार्थात आहे. मनमाड-परभणी लोहमार्गावरील सेलूसारख्या बाजारगावी उन्हाळ्यात हलवायाच्या परातीत राहणारा खवा विचारात घ्यावा. त्यातील स्निग्धांश तेलास आपल्याकडे ओढून घेतो. जंतू ज्या जलांशात वाढतात तेथे फारच थोडे तेल उरते. सारा बर्ट यांच्या २००४ च्या समालोचनात याचे अंक आहेत : प्रयोगनलिकेत पुरणाऱ्या प्रमाणाच्या सुमारे दुप्पट तेल दुधास लागते, तर मऊ चीजला २५ ते १०० पट. एवढे ओव्याचे तेल घातलेला पेढा कोण खाईल?

याहून गंभीर गोष्ट स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जंतूची. तो ग्रॅम-धन असल्याने तेलांना लवकर बळी पडतो व थाळीवर वलये मोठी दिसतात. पण विषबाधा होते ती त्याच्या विषामुळे, आणि ते विष उकळण्यालाही दाद देत नाही. खव्यात विष तयार झाल्यावर घातलेले तेल जंतू मारील; खाणारा आजारी पडावयाचा तो पडेलच. उलट साल्मोनेला, ई. कोलाय यांसारख्या ग्रॅम-ऋण जंतूंना बाह्य पटलाचे संरक्षण असते. तेथे वलये लहान येतात, आणि नेमके तेच आकडे निष्कर्षात मागे सारले जातात.

परभणीच्या कृषी विद्यापीठात १९७६ पासून अन्नतंत्राचे महाविद्यालय आहे. खव्यावर, ताकावर, लोणच्यावर प्रत्यक्ष परीक्षण करण्यास या भागात साधनांची वाण आहे असे नाही. त्यातही क्रम विवेकाने लावावा. ओव्याचा वास पेढ्यास चालत नाही. मठ्ठ्यास आणि लोणच्यास तो चालतो, शिवाय त्यांतील आम्लता तेलाचा परिणाम वाढविते. प्रारंभ तेथून व्हावा.