भीतीचे कथन आणि ‘लाल चिखल’

मराठी साहित्यात मरणाचे वर्णन विपुल आहे. मरण अंगाला चाटून गेले त्या क्षणाचे मात्र फारच थोडे. आपल्या नियतकालिकांत अशा प्रसंगांवरची अनुभवकथने नेमाने येतात. मांजरसुंब्याच्या घाटात ब्रेक निकामी झालेली एस.टी., विहिरीत उतरताना हातून सुटलेला दोर, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने बीडपर्यंत हादरलेली घरे. प्रसंग अस्सल असतो, भाषाही बरी असते. पण शेवटच्या परिच्छेदात लेखक हात जोडतो आणि भीती तेथेच विरून जाते. वाचकाच्या हाती उरते ती केवळ सुटका.

या खोडीला आमची प्रवचनेही जबाबदार आहेत, हे आम्हांस कबूल केले पाहिजे. केज तालुक्यातील एक शेतकरी गृहस्थ एका रविवारी मिस्सेनंतर थांबले. त्या आठवड्यात शेतीची वीज रात्रीची होती. उसाला पाणी देण्यास ते गेले असता, दारे धरताना पायापाशी घोणस फुत्कारली. हातातली बॅटरी विझलेली. चिखलात रुतलेला पाय न हलवता ते तसेच उभे राहिले. त्या वेळी त्यांच्या मनात काय असावे? पाट फुटून पाणी शेजाऱ्याच्या हरभऱ्यात चालले आहे, आता सकाळी भांडण होणार, हे! ते येथपर्यंत आले आणि आम्ही म्हणालो, “देवाने वाचवले हो तुम्हांला.” “होय फादर,” म्हणून ते गप्प झाले. त्यांचे सांगणे अजून संपले नव्हते, हे आमच्या ध्यानी फार उशिरा आले. पुढे महिनाभर ते रात्रीचे शेतात गेलेच नाहीत आणि उसाचा एक पट्टा वाळला, असे त्यांच्या पत्नीकडून कळले.

भास्कर चंदनशिव यांची ‘लाल चिखल’ ही कथा आम्ही त्यानंतर पुन्हा वाचली. चंदनशिव मूळचे कळंब तालुक्यातल्या हासेगावचे. कळंबहून मांजरा ओलांडली की केज तालुका लागतो. पाठ्यपुस्तकामुळे ही कथा घरोघरी पोहोचली आहे. शेतकऱ्याचा शाळकरी मुलगा ती सांगतो. बाजारात टमाट्यांचा भाव कोसळतो आणि बाप आपलाच माल पायांखाली तुडवू लागतो. वर्गात तिच्याकडून बहुधा ‘शेतमालाला भाव नाही’ एवढेच वदवून घेतले जाते. ते खरेच आहे. पण आमच्या मते ही मुळात भीतीची कथा आहे. तीत साप नाही, दरड नाही, कोणी मरत नाही. बाजाराचा एक दिवस आहे. तरीही वाचक अखेरीस श्वास रोखून बसतो, कारण काहीतरी भयंकर त्या कुटुंबाच्या अगदी जवळून गेलेले असते.

हे साधते निवेदकामुळे. बापाच्या अंतःकरणात काय उसळले आहे ते मुलाला ठाऊक नाही, आणि लेखकही त्याच्या पाठीमागून पुढे येऊन ते समजावत नाही. मुलाला दिसतो तो बाप आणि त्याच्या पायांखालचा माल. शीर्षकाचेही असेच. ‘रस’ म्हटले असते तर फळ फळच राहिले असते. ‘चिखल’ म्हणताच पिकलेले पुन्हा माती होते, आणि ‘लाल’ या शब्दाने त्या मातीला रक्ताचा रंग चढतो. पुढच्या दशकांत मराठवाड्यात शेतकऱ्यांच्या आत्महत्या झाल्या. ते ठाऊक असलेला आजचा वाचक त्या बापाकडे निराळ्याच धास्तीने पाहतो. त्यातले एक अक्षरही न बदलता कथा अधिक भयावह झाली आहे.

मार्ककृत शुभवर्तमानातील वादळाचा प्रसंग येथे आठवतो. लाटा शमल्यावर शिष्यांची भीती ओसरत नाही, उलट वाढते. सेमिनरीत तो उतारा आम्ही कितीदा वाचला असेल! प्रवचनात मात्र वादळ शमले की आम्हीही थांबत आलो.

वृत्तपत्रांचेही तेच. २०२० च्या अखेरीस आष्टी तालुक्यात बिबट्याने माणसे मारली. १८ डिसेंबरला करमाळा तालुक्यात त्याला गोळी घालण्यात आली आणि बातम्या आटोपल्या. त्यानंतरही तुरीत वारा सळसळला तरी माणसे जागच्या जागी थबकत असतील. त्या थबकण्याचे कथन मात्र आमच्या वाचनात आलेले नाही.

ते केजचे गृहस्थ यंदा उन्हाळ्यात पुन्हा भेटले. बोअरचे पाणी आटल्याचे बोलले, मुलीच्या सोयरिकीचे बोलले. या वेळी आम्ही मध्ये बोललो नाही. घोणशीचा विषय त्यांनी काढला नाही.