अस्थिबलाचे गणित आणि ‘भाकीत’ हा शब्द

ऑस्टिओपोरोसिस, म्हणजेच अस्थिसुषिरता, जडलेल्या रुग्णाचे हाड मोडण्याचा धोका संगणकीय प्रतिमानाच्या साहाय्याने आधीच सांगता येतो, असे प्रतिपादन जैवयांत्रिकीविषयक लेखनात आता वारंवार आढळते. त्यामागील परिश्रम आदरणीय आहेत. परंतु ‘भाकीत’ हा शब्द त्यात ज्या सैलपणाने वापरला जातो, त्याची छाननी व्हावयास हवी. कारण त्यावर विसंबून एखाद्या वृद्धेस वर्षानुवर्षे औषध द्यावयाचे की नाही, हे ठरणार आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी १९९४ साली घालून दिलेल्या कसोटीनुसार, तरुण निरोगी स्त्रियांच्या सरासरीहून अस्थिघनता अडीच प्रमाण-विचलने किंवा त्याहून अधिक खाली असल्यास अस्थिसुषिरता मानली जाते. ही घनता क्ष-किरणांच्या सपाट प्रतिमेवरून काढलेली असते. हाडाची खोली व आतील जाळीची ठेवण तीत नीटशी उतरत नाही. शिवाय हाड मोडलेल्यांपैकी पुष्कळांची घनता या रेषेच्या वरच असते. तेव्हा पूल व यंत्रे यांसाठी वापरले जाणारे गणितच हाडास लावावे, असे अभियंत्यांस वाटले तर नवल नाही. सी. टी. स्कॅनवरून मांडीच्या हाडाचा त्रिमितीय आकार घ्यावयाचा, त्याचे हजारो लहान घटक पाडावयाचे, प्रत्येक घटकास घनतेनुसार ताठरपणा द्यावयाचा आणि माणूस कुशीवर आपटल्याप्रमाणे खुब्यावर भार टाकून हाड केव्हा मोडते ते पाहावयाचे, अशी ही रीत आहे. मृतदेहांची हाडे प्रयोगशाळेत प्रत्यक्ष मोडून पाहिली असता ही उत्तरे बरीच जुळतात, हे मान्य केले पाहिजे.

घनतेवरून ताठरपणा ठरविण्याची पायरी मात्र दिसते तितकी सरळ नाही. कार्टर आणि हेज यांनी १९७७ साली मांडलेल्या संबंधानुसार हाडाचे बल घनतेच्या वर्गाच्या, तर ताठरपणा घनाच्या प्रमाणात बदलतो. म्हणजे घनता दहा टक्क्यांनी घटली की बल एकोणीस टक्क्यांनी आणि ताठरपणा सत्तावीस टक्क्यांनी घटतो. स्कॅनच्या मापनात दहा टक्क्यांची चूक झाली, तर तीही अशीच फुगून उत्तरात उतरते. (त्यांच्या नमुन्यांपैकी बहुतेक गोवंशाच्या हाडांचे होते, हेही जाता जाता नमूद करावयास हवे.) पुढे इतरांनी निराळी सूत्रे सुचविली. तेव्हा एकाच स्त्रीच्या एकाच स्कॅनवरून दोन प्रयोगशाळांची उत्तरे वेगळी येऊ शकतात.

आता शेफील्ड येथील संशोधकांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास पाहू. खुबा मोडलेल्या सुमारे पन्नास स्त्रिया आणि वय, उंची, वजन यांनी त्यांच्याशी जुळणाऱ्या, पण खुबा न मोडलेल्या तितक्याच स्त्रिया त्यात होत्या. मोडलेली एक आणि न मोडलेली एक अशी जोडी समोर ठेवली असता, केवळ घनतेवरून शंभरांत सुमारे पंचाहत्तर वेळा योग्य निवड होत होती. प्रतिमानाने हे प्रमाण ऐंशीच्या जवळपास गेले. सुधारणा खरी आहे, पण माफक आहे. शिवाय येथे खुबा आधी मोडलेला होता आणि स्कॅन मागाहून, दुसऱ्या बाजूच्या शाबूत खुब्याचा घेतलेला होता. लेखाच्या शीर्षकात धोक्याच्या भाकिताची भाषा आहे. जे घडले ती मात्र घडून गेलेल्या गोष्टीची ओळख होती. गावातील सर्व वृद्धांत खुबा मोडणाऱ्यांचे प्रमाण निम्मे नसते, ही गोष्टही विसरून चालणार नाही. निम्म्या-निम्म्या गटात चोख वाटणारी रीत तेथे अनेकींना विनाकारण धोक्यात असल्याचे सांगेल.

याहून मूलभूत अडचण पडण्याची आहे. खुब्याचे बहुतेक अस्थिभंग पडल्याने होतात. प्रतिमान पडण्याची दिशा व भार गृहीत धरते. बाई पडणारच की नाही, हे त्यास ठाऊक नसते. ओल्या न्हाणीघराची फरशी, मंदावलेली दृष्टी, झोपेच्या गोळीने आलेली गुंगी यांपैकी काहीही स्कॅनमध्ये दिसत नाही. गंमत अशी की, २००८ साली शेफील्डहूनच आलेल्या ‘फ्रॅक्स’ या साध्या प्रश्नावलीच्या गणितातही वय, वजन, धूम्रपान, आईवडिलांचा मोडलेला खुबा हे सारे धरले गेले, पण पूर्वी किती वेळा पडलात, हा प्रश्न धरला गेला नाही.

भाकीत या शब्दास पात्र असा अभ्यास कोणता, असे कोणी विचारल्यास आइसलंडमधील रेकयाविक येथील वृद्धांच्या पाहणीकडे बोट दाखविता येईल. तेथे स्कॅन आधी झाले आणि मोडणारी हाडे पुढील वर्षांत मोडली. २०११ साली आलेल्या तिच्या निष्कर्षांत प्रतिमानाने काढलेल्या बलाचा अस्थिभंगाशी संबंध आढळला. मात्र तो पुरुषांत आणि स्त्रियांत सारखा नव्हता.