वाणी आणि सही

थोर पुरुषाच्या एका तेजस्वी वाक्यावर भाळावयाचे आणि त्याच्या कृतीची चौकशी मात्र करावयाची नाही, हा आमच्या चरित्रवाङ्मयाचा जुना दोष होय. लोकमान्य टिळकांच्या बाबतीत तो विशेष ठळकपणे दिसतो. कल्याणास टिळक चौक आहे, डोंबिवलीस टिळकनगर आहे. तेथील एखाद्या सुशिक्षित गृहस्थास अस्पृश्यतेविषयी लोकमान्यांचे मत विचारावे, तर तो बहुधा १९१८ सालच्या मुंबईच्या भाषणाचा दाखला देईल.

दाखला खोटा नाही. विठ्ठल रामजी शिंदे यांनी त्या वर्षीच्या मार्चमध्ये भरविलेल्या अस्पृश्यता निवारण परिषदेत, सयाजीराव गायकवाडांच्या अध्यक्षतेखाली टिळक बोलले. अस्पृश्यता मानणाऱ्या देवासही आपण देव म्हणणार नाही, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. परंतु स्वतःच्या नित्य व्यवहारात अस्पृश्यता पाळणार नाही, असे वचन देणारा जाहीरनामा सह्यांसाठी पुढे आला, तेव्हा त्यावर त्यांची सही पडली नाही. चरित्रांत भाषणास ठळक स्थान मिळते. सही मात्र ओझरत्या उल्लेखावर भागविली जाते.

यावर उत्तर ठरलेले आहे: आधी स्वराज्य, मग सुधारणा, घरात फूट पडू नये म्हणून लोकमान्य सामाजिक वादांपासून दूर राहिले. हे उत्तर आम्हांस पटत नाही. ते दूर कोठे राहिले? १८९१ साली संमतिवयाच्या कायद्याविरुद्ध ते हिरिरीने लढले. वेदोक्ताच्या वादात शाहू छत्रपतींच्या मागणीविरुद्ध १९०१ साली त्यांनी 'केसरी'त लिहिले. जुन्या व्यवस्थेच्या बाजूने लेखणी चालावयाची आणि तिच्याविरुद्ध सही करण्याची वेळ आली की थांबावयाचे, यास तटस्थपणा म्हणता येत नाही. मंडालेच्या सहा वर्षांच्या कारावासाने जो पुरुष डगमगला नाही, त्यास एक सही जड जावी, हे आम्हांस अधिकच खटकते.

त्यांचा राजकीय वारसा कोणी नाकारणार नाही. पण दुसराही एक वारसा आहे. १९२० साली 'मूकनायक' निघाले, तेव्हा पैसे देऊ केले असताही त्याची जाहिरात 'केसरी'ने छापली नाही, असे डॉ. आंबेडकरांनी लिहून ठेविले आहे. पुढे लोकमान्यांचे चिरंजीव श्रीधरपंत यांनी आंबेडकरांशी स्नेह जोडला, समाज समता संघाचे काम केले, आणि १९२८ साली टिळकांच्याच गायकवाड वाड्यात स्पृश्यास्पृश्यांचे सहभोजन घडविले. त्याच वर्षी २५ मे रोजी त्यांनी आगगाडीखाली देह टाकला. त्या कृत्याची कारणे घरगुती कलहासह अनेक असतील, त्यांचा निवाडा आम्ही करीत नाही. परंतु पित्याने जे वचन दिले नाही ते पुत्राने त्याच वाड्यात पाळून दाखविले, एवढे तरी इतिहासाने नोंदवावे.

आमच्या ठाणे-कल्याणकडील वाचकांस आमची विनंती एवढीच की, मुलांना लोकमान्यांचे चरित्र वाचावयास द्याल तेव्हा त्यांना ते भाषण अवश्य सांगा आणि न झालेल्या सहीचीही गोष्ट सांगा. थोरवी त्याने कमी होत नाही; फक्त ती माणसाची थोरवी होती, हे कळते. आणि आपल्यापुढे येणाऱ्या कागदावर आपण सही करतो की नाही, हा प्रश्न मग प्रत्येकास स्वतःला विचारावा लागतो.